नायगाराला येताय? मग ही मण्यांची पिशवी उलटी करून बघा

मंडळी, नायगाराची टूर आमच्याकडे बुक केलीत, थँक्यू! कपडे, इन्शुरन्स, जेवणखाण सगळं दुसऱ्या कागदावर दिलंय. हे पान वेगळं आहे. दरवेळी ग्रुपमधल्या एखाद्या काकू मण्यांची मखमली पिशवी हातात घेऊन विचारतात, "अगंबाई, हे तर आमच्या आजीच्या बटव्यासारखं, इथे कुठून आलं?" बसमध्ये सांगायला घेतलं की तोवर धबधबा येतो आणि मग कोण ऐकतंय, म्हणून लिहूनच काढलं.

ही पिशवी इथल्या मूळ रहिवासी बायकांच्या हातची. हा सगळा मुलूख त्यांचा, होडिनोशोनींचा, म्हणजे लांब घरातल्या लोकांचा. पुस्तकांत इरॉक्वॉय असं सापडेल, पण ते बाहेरच्यांनी चिकटवलेलं नाव. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा, सेनेका आणि १७२२ च्या सुमारास सामील झालेले टस्करोरा, अशी सहा राष्ट्रं. पूर्वी लग्न झालं की मुलगी सासरी जायची नाही, नवराच तिच्या माहेरच्या लांब घरात राहायला यायचा (घरजावई म्हणून हसू नका, तिथे सगळेच घरजावई), मुलांना कूळही आईचंच, ते आजही. शेती बायकांची, एकाच आळ्यात मका, घेवडा, भोपळा, घेवड्याचा वेल मक्यावर चढतो आणि भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात. आणि खरी गंमत पुढे आहे, कुळाचा प्रमुख पुरुष असतो पण त्याला निवडते कुळाची आई, आणि तो वाकडा वागला, समजावूनही ऐकेना, तर काढतेही तीच. प्रमुखाच्या टोपीला हरणाची शिंगं असतात, म्हणून पदावरून काढलं की म्हणतात शिंगं उतरवली.

मग १७७९ मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनच्या फौजेनं इथली चाळीसहून जास्त गावं आणि उभा मका जाळला. पुढे जमिनीही जात राहिल्या. एकोणिसाव्या शतकात नायगाराला टुरिस्ट लोटले तेव्हा जवळच राहणाऱ्या टस्करोरा बायका काठावर मणीकाम मांडून विकायला लागल्या, त्यावर घरं चालली.

आता वस्तू जवळून बघू. हृदयाच्या नाहीतर बुटाच्या आकाराची टाचण्यांची उशी असते, पोटात बहुतेक भुसा भरलेला, त्यामुळे हाताला जड लागते. मणी काचेचे, आपल्या काळ्या पोतीसारखे बारीक. कागदाचा नमुना कापून मखमलीवर ठेवतात आणि त्याच्यावरून शिवतात. जेवढं अंतर त्यापेक्षा जास्त मणी दोऱ्यात ओवले की ते मावत नाहीत, कमान होऊन वर उठतात, अशा रांगा शेजारी शेजारी घेतल्या की पान किंवा पक्षी चक्क फुगून वर येतो. बोट फिरवून बघा, कळेल.

या कामातलं मोठं नाव कॅरोलाइन पार्कर, सेनेका बाई. १८४९ च्या सुमारासच्या फोटोत ती स्वतः मण्यांचं काम केलेला पोशाख घालून उभी आहे, घागऱ्याच्या कोपऱ्यात मण्यांचं फुललेलं झाड. पुढे टस्करोरा प्रमुखाशी लग्न करून ती इथेच, नायगाराजवळ राहिली. तिच्या भावाचं, ईली पार्करचं, नाव अमेरिकन यादवीच्या पुस्तकांत मिळतं कारण १८६५ मधल्या दक्षिणेच्या जनरल लीच्या शरणागतीच्या अटी त्याच्या अक्षरात आहेत. आमचं मत विचाराल तर अक्षरापेक्षा टाका भारी.

खरेदीचं बघा. मागे आमच्या ग्रुपमधल्या एकींनी "इथल्याच बायकांनी केलंय" ऐकून महागडी पिशवी घेतली, हॉटेलवर अस्तर उलटं केलं तर आत भलत्याच देशाचं लेबल. १९९० च्या अमेरिकन कायद्यानं असं खोटं सांगून विकणं गुन्हा आहे, तेव्हा बिनधास्त विचारा, कुणी केली, कोणत्या राष्ट्राची बाई, आणि ते बिलावर लिहून घ्या. खरी वस्तू स्वस्त नसते. घासाघीस करायची तर टी-शर्टवर करा, इथे नको.

रॉचेस्टरकडून जाणाऱ्या ग्रुपला आम्ही गनॉन्डागनला, म्हणजे सेनेकांच्या जुन्या गावाच्या जागी थांबवतो, तिथे सालीचं लांब घर आत शिरून बघता येतं आणि पांढऱ्या मक्याचं पीठही मिळतं. त्याची भाकरी थापायचा प्रयोग आम्ही केला होता, तव्यावर तिचे चार तुकडे झाले, तुम्ही सूपच करा. फोटो काढायचा असेल तर विकणाऱ्या बाईंना आधी विचारा.