दोन जर्मन ‘युद्धं’: कोलविट्झचं आणि डिक्सचं

पहिल्या महायुद्धावरच्या जर्मन मुद्राचित्रांचा, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रांचा, विषय निघाला की एक घोळ हमखास होतो. चित्रकार केटे कोलविट्झच्या संचाचं नाव ‘क्रिग’, चित्रकार ओटो डिक्सच्या संचाचं ‘डेर क्रिग’. अर्थ एकच, युद्ध. पहिला १९२३ साली प्रसिद्ध झाला, दुसरा १९२४ साली. दोन्ही काळ्या शाईतले. मग एकाचं चित्र दुसऱ्याच्या नावावर खपतं.

कोलविट्झचे आहेत सात वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळा कोरून काढलेले छाप. शाळेत बटाटा कोरून ठसे उमटवले असतील, तसंच हे. कोरलेला भाग पांढरा राहतो, उरलेल्या उंचवट्याला शाई लागते. डिक्सची पन्नास एचिंग आहेत आणि तिथे सगळं उलटं. स्टीलच्या डब्यावर घातलेल्या नावाच्या खाचांत हळद अडकून बसते ना, तशी धातूच्या पत्र्यावर आम्लाने खाल्लेल्या रेघांत शाई बसते. वरचा पत्रा पुसून घेतात, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढतात, मग खाचेतली शाई कागदावर येते. शिवाय राळेची भुकटी पत्र्यावर चिकटवून तो ॲक्वाटिंटही करायचा, म्हणजे रेघांऐवजी करड्या छटा उमटवायचा. चिखल, धूर, कुजलेलं मांस, सगळे पोत त्यातून आले.

डिक्स स्वतः मशिनगनवरचा सैनिक, फ्रान्समधल्या सोम इथल्या लढाईत होता. विषारी वायूतून चाल करून येणाऱ्या तुकडीच्या चित्रात मुखवटे घातलेले चेहरे कवट्यांसारखे दिसतात. पन्नास चित्रं एका बैठकीत बघवत नाहीत. दहा-दहाचे पाच भाग केले तेच बरं.

कोलविट्झकडे खंदक नाही, शत्रू नाही. आई-बाप, विधवा, एकमेकींना घट्ट धरून उभ्या असलेल्या आया आणि त्यांच्या घोळक्यातून डोकावणारी पोरं आहेत. तिचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला, वय १८. वय कमी म्हणून भरती व्हायला वडिलांची परवानगी लागत होती. ते राजी नव्हते. तिनेच त्यांना गळ घातली होती. या विषयावर तिने आधी एचिंग आणि शिळाछाप (दगडावर चित्र काढून घेतलेले छाप) करून पाहिले, पण मनासारखं जमेना. १९२० साली जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाखचे वुडकट पाहिले आणि ती लाकडाकडे वळली. ‘स्वयंसेवक’ या चित्रात मृत्यू ढोल बडवत पुढे निघालाय, पोरं भारल्यासारखी त्याच्यामागे. त्याच्या अगदी लगत आहे तो पेटर.

आणखी एक गफलत. हात उंचावलेल्या तरुणाचं ‘पुन्हा युद्ध नको’ हे प्रसिद्ध चित्र कोलविट्झचंच आहे, पण या सातांतलं नाही. ते १९२४ सालचं पोस्टर, आणि तेही शिळाछाप.