आयसीसी ट्रॉफी भारताने कधीच जिंकली नाही, कारण ती भारतासाठी नव्हतीच

मार्च २०२५ मध्ये दुबईत रोहित शर्माच्या संघाने न्यूझीलंडला हरवलं, तेव्हा आमच्या वाड्यावर जो तो म्हणत होता, "आयसीसी ट्रॉफी आली!" बोलण्याच्या ओघात ते खपून जातं. पण आली ती चॅम्पियन्स ट्रॉफी. आयसीसी ट्रॉफी नावाची स्पर्धा निराळी होती. कसोटीचा दर्जा नसलेल्या देशांनी ती खेळायची आणि तिच्यातून विश्वचषकात जागा मिळवायची. भारताला ती जागा आधीपासूनच होती.

गोव्याच्या माणसाला हा फरक रणजीवरून चटकन पटेल. २०२४-२५ च्या हंगामात पर्वरीला कश्यप बखले आणि स्नेहल कौठणकर यांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली, दोघांचीही त्रिशतकं झाली. तो हंगाम आपण प्लेट गटात, म्हणजे रणजीच्या खालच्या गटात होतो. गोव्याने प्लेट जिंकली आणि वरच्या एलिट गटाचं दार उघडलं. आपण रणजी करंडक जिंकला असं कोणी म्हणणार नाही, पण त्या विजयाचं मोल आपल्याला ठाऊक आहे. आयसीसी ट्रॉफीचंही तसंच होतं.

पहिली स्पर्धा १९७९ साली इंग्लंडमध्ये झाली. श्रीलंका आणि कॅनडा अंतिम फेरीत पोहोचले आणि दोघांनाही विश्वचषकात प्रवेश मिळाला. गंमत पाहा, अंतिम सामना विश्वचषक सुरू असतानाच होता. श्रीलंकेने मँचेस्टरला भारताला ४७ धावांनी हरवलं आणि तीनच दिवसांनी वूस्टरला कॅनडाला नमवून आयसीसी ट्रॉफी घेतली. १९८२ च्या फेब्रुवारीत ते पहिली कसोटीही खेळले. पुढच्या तिन्ही स्पर्धा झिम्बाब्वेने जिंकल्या आणि १९९२ मध्ये तोही कसोटी संघ झाला.

मला सगळ्यात जवळची वाटते ती १९९७ ची, क्वालालंपूरमधली. केनियाच्या स्टीव्ह टिकोलोने अंतिम सामन्यात १४७ धावा केल्या. पावसामुळे खेळ दुसऱ्या दिवसावर गेला आणि बांगलादेशपुढे २५ षटकांत १६६ चं लक्ष्य आलं. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती. ती लेगबायने मिळाली. त्या एका धावेसाठी अख्खा देश रेडिओला कान लावून बसला होता. दोन वर्षांनी विश्वचषकात याच बांगलादेशने पाकिस्तानला हरवलं, आणि २००० साली त्यांना कसोटीचा दर्जा मिळाला.

चॅम्पियन्स ट्रॉफीचा जन्मही ढाक्याचाच, १९९८ चा. आणि इथेच दोन्ही स्पर्धा समोरासमोर येतात: यजमान बांगलादेश, पण मैदानात बांगलादेश नाही! खेळले ते नऊ कसोटी देश. जिंकली दक्षिण आफ्रिका. क्रिकेट नव्याने रुजणाऱ्या देशांसाठी पैसा उभा करायचा म्हणून ही बाद फेरीची स्पर्धा तिथे भरवली होती. २००० साली नैरोबीला मात्र यजमान केनियाही खेळला. झहीर आणि युवराज यांनी पदार्पण केलं ते त्याच केनियाविरुद्ध. 'चॅम्पियन्स ट्रॉफी' हे नाव २००२ मध्ये आलं, तेव्हा भारत आणि श्रीलंका संयुक्त विजेते ठरले. त्यानंतर भारताने ती २०१३ आणि २०२५ मध्ये जिंकली.

आयसीसी ट्रॉफी हे नाव २००५ नंतर वापरातून गेलं. स्पर्धा चालूच राहिली, 'विश्वचषक पात्रता स्पर्धा' या नावाने. आणि तिथे आता कसोटी देशांनाही उतरावं लागतं. २०२३ साली झिम्बाब्वेत श्रीलंका पुन्हा या स्पर्धेत होती. हरारेला नेदरलँड्सला हरवून त्यांनी ती जिंकली. १९७९ चा विश्वचषक उचलणारा वेस्ट इंडिजही तिथेच होता. स्कॉटलंडकडून हरला आणि भारतातल्या विश्वचषकाला पहिल्यांदाच मुकला.