डॉगरीजचं माहेर : चुनखडकाच्या टेकड्या आणि तिथली माती

नाशिक, तासगाव किंवा बारामतीकडच्या द्राक्ष बागायतदाराला "खुंट कोणता?" असं विचारलं, की उत्तर बहुधा एकच येतं : डॉगरीज. खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळांचा भाग. वर द्राक्षाची जात थॉमसन असो, सोनाका असो नाहीतर शरद. जमिनीत मूळ डॉगरीजचं. रोपवाटिकेच्या पाटीवर, खतवाल्याच्या तोंडी, कलम बांधणाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द इतका रुळलाय की तो कुठून आला याची चौकशी कुणी करत नाही. ते एका जागेचं नाव आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या बेल काउंटीत 'डॉग रिज' नावाचा भाग आहे. तिथल्या चुनखडकाच्या टेकड्यांवर रानात वाढणाऱ्या वेलीपासून हा खुंट निघाला. त्या वेलीची गोष्ट मातीपासूनच सुरू करावी लागते.

आपल्याकडचा काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, कुजतो. आधी त्याचा मुरूम होतो, मग माती होते आणि खडकाचा बराचसा भाग मातीतच राहतो. चुनखडकाचं तसं नाही. तो विरघळतो आणि वाहून जातो. पावसाचं पाणी हवेतून आणि त्याहून जास्त मुळांभोवतीच्या मातीतून कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आम्ल होतं आणि खडकातला चुना आपल्यात घेऊन भेगांतून खाली झऱ्याला नेतं. मागे उरतो तो खडकातला 'कचरा' : थोडी चिकणमाती, बारीक रेती, लोह. खडक ९५ टक्के शुद्ध चुन्याचा असेल, तर मीटरभर जाडीचा थर विरघळल्यावर हाती लागते जेमतेम काही सेंटिमीटर माती. त्यात वाऱ्यानं आलेल्या धुळीची भर पडते. म्हणून अशा टेकडीच्या माथ्यावर माती वीतभर, कधी त्याहूनही कमी, आणि उतरणीचं सगळं धुऊन पायथ्याशी जमलेलं.

पण ही वीतभर माती गुणाची असते. वाळू, गाळ आणि चिकण यांचं मिश्रण बरं जमलेलं असलं की तिला आपण पोयट्याची माती म्हणतो. चुनखडकावरच्या पोयट्याला आणखी एक देणगी मिळते. चुन्यातलं कॅल्शियम चिकणमातीच्या कणांना आणि कुजलेल्या पाल्याला एकत्र धरून ठेवतं, त्यामुळे माती रवाळ राहते. पावसात तिचा चिखल होत नाही, उन्हात ती दगड होत नाही. पाणी मुरतं आणि जादा झालेलं खालच्या भेगांतून निघून जातं. रंग बहुतेक वेळा काळसर, कारण सेंद्रिय अंश कॅल्शियमला बांधलेला टिकून राहतो. जिथे वरच्या थरातला चुना पार धुऊन गेला, तिथे मात्र लोह उघडं पडून माती लाल होते. भूमध्य समुद्राकाठी अशी लाल माती पुष्कळ आहे.

या पातळ, काळ्या, दगडगोट्यांच्या मातीला मृदाशास्त्रात 'रेंडझिना' म्हणतात. शब्द पोलंडच्या शेतकऱ्यांचा. नांगराचा फाळ खालच्या दगडांवर घासून जी करकर होते, तिच्यावरून तो आला असं सांगतात. मातीचं नाव कानानं ठेवलेलं मला तरी दुसरं आठवत नाही.

या मातीची खोड एकच, पण मोठी. तिचा सामू (पीएच) आठच्या आसपास रेंगाळतो. एवढ्या सामूला लोह विरघळतच नाही. माती लोहानं भरलेली असली तरी झाडाला ते मिळत नाही, आणि मातीतल्या पाण्यातलं बायकार्बोनेट उरलीसुरली वाटही अडवतं. मग कोवळी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. आपल्याकडे उसावर हे दिसलं की 'केवडा पडला' म्हणतात. (द्राक्षात केवडा म्हटलं की डाऊनी हा बुरशीचा रोग. एकाच शब्दानं दोन पिकांत दोन दुखणी सांगायची, म्हणून सल्ला विचारताना पिकाचं नाव आधी सांगावं.) पिवळ्या पानांवर लोहाचा क्षार, म्हणजे हिराकस, लावला की ती हिरवी होतात, हे फ्रान्समध्ये युसेब ग्री या संशोधकानं १८४० च्या दशकातच दाखवलं होतं. तिथल्या द्राक्षबागायतदारांना मात्र याची फारशी फिकीर नव्हती. युरोपची द्राक्षवेल शतकानुशतकं चुनखडकावर वाढलेली, त्या मातीतून लोह काढायची तिला सवय होती.

मग फिलोक्सेरा आला. माव्याच्या जातकुळीतला हा बारीक किडा अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर आला आणि मुळांतला रस शोषू लागला. दक्षिण फ्रान्समध्ये १८६३ च्या सुमारास वेली कारण न कळता वाळायला लागल्या. १८६८ साली ज्यूल्स प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळं उकरून किडा शोधून काढला. तोवर तो पसरला होता. सरकारनं उपायासाठी ३ लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचून पाहिलं, बागा महिना-महिना पाण्याखाली बुडवून ठेवल्या. शेवटी जे चाललं ते साधं होतं : किडा अमेरिकेचा, तर त्याला सोसणारी मुळंही अमेरिकेचीच घ्यावीत आणि वर फ्रेंच वेलीचं कलम करावं. खुंटकलमाची ही पद्धत आज आपल्याला इतकी सरावाची झालीय की तेव्हा तिच्यावरून किती भांडणं झाली असतील याची कल्पना येत नाही. फ्रेंच द्राक्षाला अमेरिकन पाय लावणं अनेकांना बाटवाबाटवी वाटत होती.

पहिले खुंट होते रिपारिया आणि रुपेस्ट्रिस. एक नदीकाठच्या गाळातला, दुसरा ओढ्याच्या गोट्यांतला. रेताड, गाळाच्या किंवा आम्ल जमिनीत ते उत्तम लागले. चुनखडकाच्या जमिनीत लावले तेव्हा किडा हरला, पण वेल पिवळी पडून मेली. निवडक रिपारियाला जमिनीतला बारीक, 'सक्रिय' चुना जेमतेम ६ टक्क्यांपर्यंत सोसतो, असं पुढच्या मोजमापांत ठरलं. फ्रान्सच्या नामांकित बागांतली कितीतरी जमीन याच्या कैक पट वर होती.

सगळ्यात वाईट गत कोन्याकची झाली. ब्रँडीचं हे गाव मऊ, पांढऱ्या खडूसारख्या चुनखडकावर वसलंय. खडक स्पंजसारखा पाणी धरतो, वर पातळ मातीचा थर. आंरी कोकां या भूवैज्ञानिकानं याच परिसरातल्या थरांवरून क्रिटेशस काळाच्या तीन टप्प्यांना नावं दिली, आणि तीच जगभर चालतात : कोन्याकवरून कोनिएशियन, सेंतवरून सँटोनियन आणि तिथल्या 'शाँपाञ' पट्ट्यावरून कँपेनियन. म्हणजे तो खडक साधारण ९ ते ७ कोटी वर्षांपूर्वीचा. आपला दख्खनचा लाव्हा त्यानंतर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. ज्या खडूनं तिथल्या ब्रँडीला नाव मिळवून दिलं, त्यानंच आता नवे खुंट नाकारले. त्या भागातल्या २ लाख ८० हजार हेक्टरांच्या आसपासच्या द्राक्षबागांपैकी १८९३ पर्यंत ४० हजारांच्या आगेमागे उरल्या.

१८८७ साली फ्रेंच सरकारनं माँपेलिएचे तरुण प्राध्यापक पिएर व्हिआला यांना अमेरिकेत पाठवलं. काम एका ओळीचं : चुनखडकावर हिरवीगार राहणारी रानवेल शोधा. पूर्वेकडच्या राज्यांत ती मिळाली नाही. टेक्सासमध्ये डेनिसन गावी थॉमस मन्सन नावाचा रोपवाटिकावाला भेटला. घोड्यावरून आणि आगगाडीनं हजारो मैल फिरून रानद्राक्षं गोळा करण्याचा त्याला नाद होता, आणि कुठली जात कुठल्या मातीवर उगवते याची नोंदही त्यानं ठेवली होती. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोलाची वस्तू हीच. नुसती वेल ओळखणारे पुष्कळ होते, तिच्या पायाखालची माती पाहणारे थोडे.

मन्सननं दाखवलेला मध्य टेक्सासचा मुलूख पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्यांचा आहे. लांबून पाहिलं तर सह्याद्रीच्या उतारांची आठवण यावी. पण आपल्या पायऱ्या लाव्हाच्या थरांच्या, तिथल्या समुद्रतळावर साचलेल्या चुन्याच्या : एक थर टणक चुनखडकाचा, एक मऊ चुनकट मातीचा. टणक थराची पायरी होते, मऊ थराचा उतार. त्या उतारांवर पातळ, खडेमिश्रित, चुन्यानं पांढुरकी पडलेली पोयट्याची माती. त्यावर ओक आणि ज्युनिपरची खुरटी झाडं, आणि झाडांवर चढलेली द्राक्षवेल, बेर्लांडिएरी. एवढ्या चुन्यातही तिची पानं गर्द हिरवी.

तिच्यात एकच अडचण होती : तिच्या काड्यांना मुळं फुटत नाहीत. म्हणून तिचे संकर केले गेले. शासला या युरोपीय वेलीशी झालेला '४१ बी' हा संकर ४० टक्क्यांपर्यंत सक्रिय चुना सोसतो, आणि कोन्याक-शँपेनच्या खडूवर तोच चालला. तो करणाऱ्या दोघांतले एक प्राध्यापक मिलार्दे. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ साली जगापुढे मांडणारे ते हेच. म्हणजे आपला बागायतदार आजही त्यांचा पंप पाठीवर घेऊनच हिंडतो. मन्सनला फ्रान्सनं १८८८ साली शेतीसेवेचा मानाचा किताब दिला. डेनिसन आणि कोन्याक आज एकमेकांची 'भगिनी शहरं' आहेत.

डॉगरीज ही बेर्लांडिएरी नव्हे. ती शॅम्पिनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नैसर्गिक संकरातली, त्याच टेकड्यांची रहिवासी, मन्सननंच निवडलेली. चुना तिला बऱ्यापैकी सोसतो, पण तिची खरी ताकद जोमात, सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) आणि कोरड सोसण्यात. महाराष्ट्रात ती रुळली ती याच कारणानं. आपल्याकडे फिलोक्सेराचा त्रास नव्हता, बागा स्वमुळावरच होत्या. १९९० च्या दशकात दुष्काळ, खोल गेलेल्या विहिरी आणि बोअरचं खारट पाणी यांनी त्या बागा बसायला लागल्या, तेव्हा खुंटाची गरज भासली आणि डॉगरीज सर्वत्र गेली.

इथे एक घोटाळा होतो. डॉगरीज चुनखडकावरची, आपली जमीनही चुनखडीची, तेव्हा जोडी जमली, असं सहज बोललं जातं. पण या दोन चुनखडी वेगळ्या. तिथे चुना म्हणजे खालचा खडकच, वर पातळ पोयटा, आणि पाणी तासाभरात निघून जातं. आपला चुना बेसाल्टमधून सुटलेलं कॅल्शियम कमी पावसामुळे धुऊन न गेल्यानं साचलेला, खोल भारी काळ्या जमिनीत खड्यांच्या रूपात, आणि भोवती निचरा नसलेली चिकण. वाफसा लवकर येत नाही, मुळांना हवा मिळत नाही, बायकार्बोनेट वाढतं. टेक्सासच्या उतारावर जी वेल हिरवी राहते, ती त्याहून कमी चुन्याच्या पण पाणथळ काळ्या रानात पिवळी पडू शकते. तिथं दोष चुन्याइतकाच पाण्याचा असतो, आणि हिराकशीच्या फवारणीनं तो जात नाही, चर काढल्यानं जातो.

शिवाय खोल जमिनीत डॉगरीजवर वेल माजते; काडी जाड होते, घड कमी निघतात. म्हणून अलीकडे काही जण '११०-आर' कडे वळलेत. त्याची आई बेर्लांडिएरी, बाप रुपेस्ट्रिस. म्हणजे डॉगरीज सोडली तरी मूळ त्याच टेकड्यांकडे जातं.