गोव्यातील जुन्या लष्करी बंदुका : स्वच्छता व जतन

पोर्तुगीज अमलात (१५१०–१९६१) गोव्यात वापरल्या गेलेल्या तोड्याच्या (जळत्या वातीने पेटवायच्या), चकमकीच्या (गारेच्या ठिणगीने पेटवायच्या) आणि पुढे काडतुसी बंदुकांचा गंज थोपवणे, लाकूड व पितळ टिकवणे आणि घडणीच्या खुणा शाबूत राखणे एवढा या कामाचा आवाका आहे. बंदूक पुन्हा बार काढण्याजोगी करणे त्यात येत नाही. खंडेनवमीला घरातील शस्त्रे पुसून, तेल लावून पुजण्याची रीत परिचित असल्याने तिचा विस्तार येथे केलेला नाही.

चापाच्या यंत्रणेच्या उगमाचा वाद : उत्तर हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीत चाप दाबावा तसतसा जामगी (जळती वात) धरणारा घोडा सावकाश रंजकावर (बार पेटवणाऱ्या दारूवर) उतरतो. गोव्याशी जोडल्या जाणाऱ्या प्रकारात घोडा कमानीच्या (स्प्रिंगच्या) ताणावर मागे अडकवलेला असतो आणि चाप ओढताच झटक्यात पडतो. ही घडण कोठली, याविषयी एकमत नाही. गोवा जिंकणारा पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द अल्बुकर्क याने १५१३ च्या सुमारास पोर्तुगालचा राजा मानुएल यास लिहिताना गोव्यातील बंदूककारांचे काम मध्य युरोपातील बोहेमियामधील कामाच्या तोडीचे असल्याचे म्हटले आहे. जुन्या शस्त्रांचे अभ्यासक रायनर देन्हार्ट यांच्या मांडणीनुसार मध्य युरोपातील झटक्याचा चाप लिस्बनमार्गे येथे आला, स्थानिक लोहारांच्या हाती पक्का झाला आणि १५४३ च्या सुमारास जपानातील तानेगाशिमा बेटावर पोचला. दुसऱ्या मतानुसार जपानी नमुन्याचे मूळ १५११ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेल्या मलय द्वीपकल्पातील मलाक्का परिसरात शोधावे लागते. दख्खनमध्ये तुर्की बंदुकांचे वळण आधीच रुजले होते, असेही काही अभ्यासक सुचवतात. उपलब्ध नमुन्यांतील साम्य पाहता गोवा व मलाक्का यांना कारागिरीचा एकच पट्टा मानणे अधिक सयुक्तिक दिसते. अल्बुकर्कच्या पत्रावर मात्र फार भार टाकता येत नाही, कारण ते कामाचा दर्जा सांगते, चापाची रचना नव्हे. शिवाय श्रीलंकेत व जपानात हीच ठेवण पुढे दीर्घकाळ चालू राहिली. केवळ तिच्यावरून बंदूक सोळाव्या शतकातील ठरवणे धाडसाचे होईल.

या वादामुळेच स्वच्छतेचा प्रश्न नाजूक बनतो. जपानी परंपरेनुसार तेथील लोहाराला नळी जमली, पण तिचे बूड बंद करणारा आट्यांचा खिळा जमेना. पुढील वर्षीच्या जहाजातून आलेल्या लोहाराकडून त्याने ते शिकून घेतले. बुडाचे आटे, कमानीचा आकार आणि पितळी पट्टीवरील कानसेचे ओरखडे हाच अशा बंदुकीचा पुरावा असतो, आणि हौशी सफाईत नेमका तोच आधी नाहीसा होतो. बुडाचा खिळा जोर लावून फिरवू नये. आतली रचना क्ष-किरणचित्रात दिसते. घरोघरी पितळेला चिंच लावतात. भांड्यांना ती चालते, पण आम्लाने पृष्ठावरील जस्त निघून चापाच्या पट्टीवर तांबूस डाग उमटतात.

कार्यपद्धती : प्रथम नळी भरलेली नाही याची खात्री करावी. काळी दारू कोरडी राहिल्यास शंभर वर्षांनंतरही पेट घेते. गज आत जाईल तितका घालून नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी आणि तो तोंडापासून नळीच्या बाहेरून लावून खूण कानापर्यंत (बुडाजवळच्या बत्तीच्या छिद्रापर्यंत) पोचते का ते पाहावे; न पोचल्यास आत काहीतरी आहे असे समजावे. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० ते ६५ टक्क्यांवर गेली की लोखंडाचे गंजणे वेग घेते. खारी हवा ही मर्यादा आणखी खाली आणते, त्यामुळे गोव्यात पावसाळाभर धोका असतो. सुटा लाल गंज तेल व अतिबारीक पोलादी लोकरीने काढतात. घट्ट, गडद थर तसाच ठेवतात किंवा टॅनिक आम्लाने स्थिर करून वर सूक्ष्मस्फटिकी मेण चढवतात. फिरत्या चाकावर चकाकी आणणे निषिद्ध मानले जाते. वाळवी व भुंग्याने पोखरलेल्या दस्त्याचे लाकूड बदलण्यापेक्षा आतून भरून सांधणे श्रेयस्कर.

काडतुसी बंदुकांत स्टायर येथे बनलेली ८ मिमी. क्रोपाचेक (१८८६) आणि ६·५ मिमी. माउझर-व्हेर्गेइरू (१९०४) या पोर्तुगीज सैन्याच्या रायफली प्रमुख होत. क्रोपाचेकच्या नळीखालील, काडतुसे साठवण्याच्या नळीत ओल साचून राहते, म्हणून बाहेरून स्वच्छ दिसणारी रायफलही आतून गंजलेली निघते. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, बार पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांतील पोटॅशियम क्लोरेटपासून उरणारे क्षार तेलात विरघळत नाहीत. नळी आधी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच तेल देतात. नव्याने निळा मुलामा दिल्यास क्रोपाचेकवरील पोर्तुगालचा राजा लुईश (पहिला) याच्या मुकुटांकित आद्याक्षरांच्या कडा बोथट होतात.

कायदेशीर स्थिती : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील सूट कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रास मिळते, पण ते दुरुस्तीनेही चालू शकत नसेल तरच. चाप व नळी पूर्ववत करणारी दुरुस्ती ही सूट घालवू शकते. शंभर वर्षांपेक्षा जुनी बंदूक १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाच्या कक्षेत येते आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही.