जुळ्यांचे गरोदरपण : प्रसूतिपूर्व काळजी (कोकण)

गर्भाशयात एकाच वेळी दोन गर्भ वाढत असताना, निदानापासून प्रसूतीपर्यंत मातेची आणि गर्भांची जी देखरेख करावी लागते तिचा विचार या नोंदीत केला आहे. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांतील प्रघात, आहार आणि दळणवळण यांमुळे ही देखरेख जेथे वेगळी होते, तेवढ्यापुरता प्रादेशिक तपशील दिला आहे. प्रसूतीनंतरची काळजी येथे घेतलेली नाही.

जुळी दोन प्रकारची असतात. दोन स्वतंत्र स्त्रीबीजे फळून झालेली ती द्विबीज आणि एकच फलित बीज दुभंगून झालेली ती एकबीज. एकबीज जुळ्यांचे प्रमाण जगात सर्वत्र जवळपास सारखे, म्हणजे हजार प्रसूतींमागे साडेतीन ते चार आहे. द्विबीज जुळ्यांचे प्रमाण मात्र वंश, मातेचे वय, आधीची बाळंतपणे आणि वंध्यत्वावरील उपचार यांनुसार बरेच बदलते. ८९ प्रसूतींमागे एक जुळे हा हेलिन यांचा नियम (१८९५) युरोपीय नोंदींवर बेतलेला आहे. दक्षिण आशियात द्विबीज जुळी तुलनेने कमी असल्याने तो येथे जसाच्या तसा लावता येत नाही. द्विबीज कमी म्हणजे एकूण जुळ्यांत एकबीजांचा वाटा अधिक, आणि गुंतागुंतीचा मोठा भाग एकबीजांतच असतो. त्यामुळे ‘आपल्याकडे जुळी कमी’ हे विधान दिसते तितके दिलासादायक नाही. घराण्यात जुळी असण्याचा संबंध मुख्यतः द्विबीज जुळ्यांशी आणि तोही आईकडून येतो. जोडकेळे खाल्ल्याने जुळी होतात ही समजूत कोकणातही आढळते. तिला आधार नाही.

आयुर्वेदीय उल्लेख : चरकसंहिता व सुश्रुतसंहिता या दोहोंच्या शारीरस्थानात जुळ्यांची उपपत्ती येते. दोन्ही ग्रंथांवर नंतरचे संस्कार झालेले असल्याने त्यांचा काळ सांगताना इसवी सनाच्या आधीची व नंतरची काही शतके असा मोघम पल्लाच द्यावा लागतो. वायूमुळे बीजाचे विभाजन होऊन दोन जीव कुक्षीत येतात, असे सुश्रुत सांगतो. चरकाने एक पाऊल पुढे जाऊन, विभाग विषम झाल्यास जुळ्यांतला एक अधिक पुष्ट व दुसरा न्यून होतो असे म्हटले आहे. यात एकबीज जुळ्यांची आधुनिक कल्पना शोधण्याचा मोह काही अभ्यासकांना होतो. तथापि दोन्ही ग्रंथांत सर्वच जुळ्यांना एकच कारण दिले आहे, स्वतंत्र दोन बीजांचा विचार नाही. म्हणून हे साम्य वरवरचे मानणे बरे. वाढीतील तफावतीचे निरीक्षण मात्र अचूक आहे आणि आजही सोनोग्राफीत प्रत्येक वेळी तेच मोजले जाते. मध्यभागी खोलगट, द्रोणीसारखे पोट हे जुळ्यांचे लक्षण म्हणून सुश्रुताने दिले आहे. निदान म्हणून ते भरवशाचे नाही. गर्भिणीची मासानुमासिक परिचर्या दोन्ही ग्रंथांत आहे, पण ती एका गर्भाची धरून सांगितलेली आहे.

वार व पडदे : प्रसूतिपूर्व काळजीची सारी आखणी एका प्रश्नावर अवलंबून असते : दोन्ही गर्भांची वार (अपरा) स्वतंत्र आहे की सामायिक? जुळी एकबीज की द्विबीज हा प्रश्न घरात अधिक विचारला जातो, पण देखरेखीच्या दृष्टीने तो दुय्यम आहे. द्विबीज जुळ्यांना जरायू (गर्भाभोवतीचा बाहेरचा पडदा) व उल्ब (आतला, पाण्याच्या पिशवीचा पडदा) हे दोन्ही पडदे आणि वार स्वतंत्र असतात. एकबीज जुळ्यांत तीन शक्यता राहतात : सर्व स्वतंत्र, वार एक पण पाण्याच्या पिशव्या दोन, आणि वार व पिशवी दोन्ही एकच. सोनोग्राफीच्या अहवालावर या शक्यता अनुक्रमे डीसीडीए, एमसीडीए व एमसीएमए अशा आद्याक्षरांनी लिहिलेल्या असतात. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश एमसीडीए असतात. एमसीएमए विरळा.

या फरकाचे प्रचलित स्पष्टीकरण असे : फलित बीज पहिल्या तीन दिवसांत दुभंगल्यास सर्व स्वतंत्र, चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगल्यास वार सामायिक, आठव्यानंतर पिशवीही सामायिक आणि तेराव्या दिवसानंतर सयामी जुळी. जॉर्ज कॉर्नर यांच्या १९५५ मधील मांडणीपासून हे वेळापत्रक पाठ्यपुस्तकांत रुळले. ते प्रत्यक्ष पाहिलेल्या विभाजनावर नव्हे, तर पडद्यांच्या रचनेवरून मागे जाऊन केलेल्या अनुमानावर उभे आहे, असा आक्षेप अलीकडे घेतला गेला आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या भ्रूणांत, आवरण फोडून बाहेर पडण्याच्या सुमारास आतील पेशीपुंजाचे दोन भाग झालेले क्वचित दिसले आहेत. त्यावरून विभाजनाचा क्षण आणि पडद्यांची रचना यांचा संबंध इतका सरळ नसावा असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार विभाजन मुळात फलनाच्या वेळीच ठरते व पडदे पुढे कमी-अधिक एकरूप होतात. पर्यायी उपपत्तींना अद्याप पुरेसा पुरावा नसल्याने प्रचलित वेळापत्रक अंदाज म्हणून वापरणे व दिवसांच्या आकड्यांवर फार भर न देणे हेच येथे ग्राह्य धरले आहे. उपचार ठरतात ते विभाजन केव्हा झाले यावरून नव्हे, तर सोनोग्राफीत काय दिसले यावरून.

ते दिसण्याची वेळ ठरलेली आहे. अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीत दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जेथे टेकतो तेथे वारेची पाचर पडद्यात शिरलेली दिसली (लॅम्डा चिन्ह), तर वारा दोन. पातळ पडदा काटकोनात टेकलेला दिसला (टी चिन्ह), तर वार एक. पुढे गर्भ वाढतात, पाचर विरत जाते आणि विसाव्या आठवड्यानंतर काहींत ती दिसतच नाही. दोन स्वतंत्र वारा शेजारी चिकटून एकच भासू शकतात, म्हणून नुसत्या वारा मोजणे पुरत नाही. उशिरा आलेल्या स्त्रीत, गर्भ भिन्नलिंगी असल्यास वारा दोन, हा एक खात्रीचा दुवा अन्य देशांत वापरतात. गर्भलिंगनिदानास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे तो भारतात अहवालात येऊ शकत नाही आणि येऊही नये. परिणामी येथे पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी चुकली तर ती उणीव भरून काढण्याचे मार्ग आणखी कमी होतात. वारांविषयी खात्री नसेल तर वार सामायिक आहे असे धरूनच पुढची देखरेख करावी, हा सर्वमान्य दंडक आहे.

सामायिक वारेत दोन्ही गर्भांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. एमसीडीए जुळ्यांपैकी १० ते १५ टक्क्यांत रक्त एकाकडून दुसऱ्याकडे वाहू लागते. देणाऱ्या गर्भाचे पाणी आटते, घेणाऱ्याचे फुगते. या विकाराची पाच टप्प्यांची प्रतवारी क्विंटेरो यांनी १९९९ मध्ये मांडली. दुर्बिणीतून लेसरने त्या वाहिन्या बंद करण्याची शस्त्रक्रिया, वारंवार पाणी काढण्यापेक्षा सरस ठरल्याचे २००४ मधील युरोपीय चाचणीत दिसले. ती साधारणतः सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या दरम्यान होते आणि मोठ्या शहरांतील निवडक केंद्रांतच उपलब्ध असते. विकार काही दिवसांत बळावू शकतो. म्हणून सामायिक वार असल्यास सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी करतात. स्वतंत्र वारा असल्यास विसाव्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी पुरते. पोट एकदम ताणले जाणे, धाप लागणे, काही दिवसांतच कपडे घट्ट होणे या तक्रारी ‘जुळी आहेत, पोट मोठे दिसणारच’ म्हणून सोडून देऊ नयेत.

सरकारी व्यवस्थेत जुळ्यांचे गरोदरपण अतिजोखमीचे गणले जाते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते व अतिजोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावतात. स्वतंत्र वारांच्या जुळ्यांना हा महिन्याचा फेरा साधारण जुळतो. सामायिक वारेला तो अपुरा पडतो, आणि लाल खूण या दोहोंत भेद करत नाही. कार्डावर ‘जुळे’ या शब्दाशेजारी ‘वार एक’ किंवा ‘वारा दोन’ एवढे लिहिलेले असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

कोकणातील प्रघात : पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत येथे घट्ट आहे. त्यातच घरटी कोणीतरी मुंबईस चाकरमानी असल्याने सासर मुंबई, ठाणे, विरारकडे व माहेर राजापूर, देवगड, गुहागरकडे अशी जोडी नेहमीची. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, ओटी, आणि मग माहेरचा माणूस न्यायला येतो. झोपाळा सजतो, हिरवी साडी, फुलांचे दागिने, झाकलेल्या दोन वाट्यांतून पेढा की बर्फी ते ओळखायला लावतात. जुळी असली की दोन्ही वाट्या उघडायचा आग्रह होतो. पण एका गर्भाच्या हिशेबाने ठरलेला हा सातवा महिना जुळ्यांच्या हिशेबाने उशीर आहे. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रसूती सदतीस आठवड्यांच्या आत होतात. अठ्ठावीस-तीस आठवड्यांना घाटरस्त्याने किंवा महामार्गाने आठ-दहा तासांचा प्रवास, नवा दवाखाना आणि नवा डॉक्टर हे सारे एकदम येते. पहिल्या तिमाहीचा अहवाल बहुधा सासरच्या कपाटात राहतो आणि सोबत येते ती शेवटची सोनोग्राफी, जिच्यात वारांचा उल्लेख असतोच असे नाही. माहेरी जायचेच असेल तर विसाव्या आठवड्याच्या आसपास जाणे, तेथील डॉक्टरांकडे लगेच नाव घालणे आणि अकरा ते चौदा आठवड्यांच्या अहवालाची मूळ प्रत जवळ ठेवणे श्रेयस्कर. ओटी पाचव्या महिन्यात भरण्याची रीतही अनेक घरांत आहे. तिचा आधार घेतला तर घरच्या वडीलधाऱ्यांचा विरोध मावळतो.

आहार : दोघांसाठी जेवायचे ते आता तिघांसाठी, असे सासूबाई म्हणतात. उलट टोकाला, पोटात जागा उरावी म्हणून कमी जेवावे अशीही समजूत आहे आणि तीच अधिक घातक. अमेरिकेतील २००९ च्या शिफारशींनुसार, आधीचे वजन उंचीच्या मानाने योग्य असलेल्या स्त्रीचे वजन जुळ्यांच्या गरोदरपणात सुमारे १७ ते २४.५ किलो वाढावे. मुळातच कृश स्त्रीसाठी मात्र त्यांत आकडा दिलेला नाही, आणि कोकणात अशा स्त्रिया पुष्कळ. त्यांच्या बाबतीत ठरावीक किलोंचा आग्रह न धरता दर भेटीला वजन वाढते आहे ना, हे पाहावे. पोट लवकर दाबले जात असल्याने दोन वेळच्या भरपेट जेवणापेक्षा थोडे थोडे पाच-सहा वेळा खाणे सोसते. सकाळची उकड्या तांदळाची पेज एकटी पुरत नाही. तिच्याबरोबर अंडे, उसळ किंवा कुळथाची पिठी हवी. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते. मासळी बंद करण्याचे कारण नाही. बांगडा, तारली, मांदेली ही लहान मासळी उत्तम. मोरी (शार्क) यासारखे मोठे शिकारी मासे पाऱ्याच्या अंशामुळे गरोदरपणात टाळावेत. बाळंतिणीला दूध येण्यासाठी मोरी देतात, ती गोष्ट वेगळी. सुके मासे खारट असतात, रक्तदाब वाढलेल्या स्त्रीने ते बेताने खावेत. पालघर व रायगडच्या आदिवासी भागांत शासनाच्या अमृत आहार योजनेतून (२०१५) अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळते. वारली, कातकरी आदी समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराची तपासणी आधीच करून घ्यावी.

औषधे व तपासण्या : राष्ट्रीय कार्यक्रमात रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल १८० दिवस, तसेच कॅल्शियमच्या दोन गोळ्या देतात. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नये, चहाबरोबर तर नाहीच. जुळ्यांत रक्तक्षय लवकर होतो, त्यामुळे वीस ते चोवीस आठवड्यांना हिमोग्लोबिन पुन्हा पाहतात. साखरेची तपासणी नेहमीप्रमाणे. रक्तदाबाच्या विकाराचा धोका एका गर्भाच्या तुलनेत दुप्पट किंवा अधिक असतो. तो टाळण्यासाठी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन केव्हा द्यावी याविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकी शिफारशी केवळ जुळे असणे एवढे कारण पुरेसे मानतात, ब्रिटिश शिफारशींत जोडीला आणखी एक मध्यम जोखीम लागते. पहिलटकरणीत ती असतेच, त्यामुळे व्यवहारात हा वाद अनेकदा आपोआप मिटतो. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, शक्यतो सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू करतात.

अंथरुणाला खिळून आराम ही कुटुंबाची सर्वांत ठाम अपेक्षा असते. गुंतागुंत नसलेल्या जुळ्यांत सक्तीच्या आरामाने प्रसूती लांबते असे चाचण्यांत दिसलेले नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. विहिरीचे पाणी ओढणे, भातलावणीला चिखलात तासन्‌तास वाकणे, पावसाळ्यात शेवाळलेल्या घाट्या चढणे मात्र थांबवावे. लावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, हे आणखी एक कारण.

प्रसूतीची पूर्वतयारी : गुंतागुंत नसल्यास स्वतंत्र वारांच्या जुळ्यांची प्रसूती सदतिसाव्या, सामायिक वारेच्या जुळ्यांची छत्तिसाव्या आठवड्यात ठरवतात. एकाच पिशवीतील जुळ्यांची बत्तीस ते चौतीस आठवड्यांदरम्यान सिझेरियनने करतात. पहिल्या गर्भाचे डोके खाली असल्यास सिझेरियन अटळ नसते. ठरवून केलेले सिझेरियन अशा वेळी सरस नसल्याचे २०१३ च्या बहुराष्ट्रीय चाचणीत दिसले. मात्र त्यासाठी रक्त, भूलतज्ज्ञ आणि नवजात शिशू कक्ष एका छताखाली हवेत. गेल्या काही वर्षांत अलिबाग, रत्नागिरी व सिंधुदुर्गनगरी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. डेरवण येथे धर्मादाय रुग्णालय व महाविद्यालय आहे. तळकोकणातून गोव्यात बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापुरास नेण्याचा परिपाठ अजून मोडलेला नाही.

जन्मल्यावर बाळांना हलवण्यापेक्षा ती पोटात असतानाच आईला हलवणे केव्हाही सुरक्षित. चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्यास फुप्फुसांच्या वाढीसाठीचे डेक्सामेथासोनचे इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते. ते घेऊनच निघावे. खाडीकाठच्या गावांनी रस्त्याचा विचार आधी करून ठेवावा. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीने दिवसा अंतर बरेच वाचते, पण रात्री फेरी नसते आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की ती बंद राहू शकते. मग खाडीला वळसा घालून जावे लागते. जून ते सप्टेंबर या काळात प्रसूती येणार असेल, तर चौतिसाव्या आठवड्यापासून रुग्णालयाच्या गावी नातेवाइकांकडे मुक्काम हलवतात. त्या घराचा पत्ता व वाटेवरील खुणा १०८ च्या रुग्णवाहिकेला सांगता येतील अशा लिहून दाराशी लावून ठेवाव्यात.