जोडेघराची पाच शतकं

नांदेडला हुजूर साहिबला जाऊन आलेल्या कुणालाही जोडेघर ठाऊक असतं. चपला काउंटरवर ठेवायच्या, आतला माणूस त्या उचलून कप्प्यात ठेवतो आणि टोकन देतो. देशात-परदेशात कुठल्याही मोठ्या गुरुद्वारात सुट्टीच्या दिवशी गेलात, तर जोडेघराच्या आत पंधरा-सोळा वर्षांची पोरं हमखास दिसतात. डोक्याला पटका, हातात फडकं, आणि कुणाच्या तरी चिखलाने माखलेल्या सँडल पुसणं चाललेलं. घरी याच पोराला स्वतःचे बूट पुसायला तीनदा सांगावं लागत असेल, ती गोष्ट वेगळी. पण अनोळखी माणसाची चप्पल हातात घेण्यापर्यंत पोहोचलेली ही भक्ती आपोआप उगवलेली नाही. ती विचारपूर्वक घडवली गेली, आणि त्या घडणीत आपल्या नामदेवांचाही वाटा आहे.

गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. त्याच ग्रंथात कबीरांच्या सलोकांमध्ये, म्हणजे दोह्यांमध्ये, येणारा एक छोटा संवाद मात्र फारसा सांगितला जात नाही. त्रिलोचन हा संतमित्र नामदेवांना टोकतो: अरे नाम्या, मायेत अडकलास, कापड छापत काय बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेव उत्तर देतात: ‘हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि’. मुखाने राम म्हण, हातापायांनी सगळं काम कर, चित्त तेवढं निरंजनापाशी असू दे. शीख घरात ‘नाम जपो, किरत करो, वंड छको’ हे तीन शब्दप्रयोग मुलांच्या कानावर लहानपणापासून पडतात. नाव घ्या, कष्टाचं कमवा, वाटून खा. नामदेवांचं उत्तर त्यातल्या पहिल्या दोघांना एका ओळीत बसवतं.

कृतज्ञतेचा पाठ वेगळा आहे आणि तो रोजचा आहे. पाचवे गुरू अर्जनदेव यांच्या ‘सुखमनी’त आठ-आठ कडव्यांच्या २४ अष्टपदी आहेत. त्यांतली सहावी जवळजवळ पूर्णपणे ‘जिह प्रसादि’, म्हणजे ज्याच्या कृपेने, या दोन शब्दांवर उभी आहे. ज्याच्या कृपेने छत्तीस प्रकारची पक्वान्नं खातोस, ज्याच्या कृपेने अंथरुणात सुखाने झोपतोस, त्याला मनात ठेव. ज्याच्या कृपेने थंड पाणी पितोस, हे चौथ्या अष्टपदीत येतं; वारा आणि विस्तव फुकट मिळतात, याचीही नोंद तिथेच आहे. स्वर्ग-मोक्षाच्या गोष्टी बाजूला ठेवून थेट पाणी आणि पांघरुणाला हात घालणारी ही रचना मला फार शहाणी वाटते. सोळा वर्षांच्या पोराला मोक्ष कळेल न कळेल, थंड पाणी नक्की कळतं.

मिळालेलं परत वाटायचं कसं, याची व्यवस्था गुरू नानकांनी करतारपूरला घातली. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी रावीकाठी शेती करत काढली. दिवसभर काम, सकाळ-संध्याकाळ कीर्तन आणि सगळ्यांचं जेवण एकत्र. दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी यांनी ही पंगत वाढवली. सत्ता आणि बलवंड या गायकांच्या ‘वार’ नावाच्या स्तुतिगीतात खीवींच्या लंगरातल्या, म्हणजे सगळ्यांसाठीच्या मोफत जेवणातल्या, तुपाळ खिरीचा उल्लेख आहे, आणि ते गीतही गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईचं नाव तिच्या खिरीसकट धर्मग्रंथात यावं, हे क्वचितच घडतं. तिसऱ्या गुरूंनी, अमरदासांनी, ‘पहिले पंगत, पाछे संगत’ असा दंडक घातला. गुरूंना भेटायचं असेल तर आधी खाली बसून, शेजारी कोण आहे ते न विचारता जेवायचं. ज्या काळात कुणाच्या हातचं पाणी चालतं यावर माणसाची किंमत ठरत होती, त्या काळात हा नियम साधा नव्हता.

अमरदासांच्या गोइंदवाल या गावी जेठा नावाचा एक मुलगा होता. जन्म लाहोरचा, १५३४ चा. आईबाप लवकर गेले, आजीने वाढवलं. पोटासाठी तो उकडलेले हरभरे विकायचा आणि परंपरा सांगते की भुकेला कुणी दिसला की टोपलीतले हरभरे तसेच देऊन टाकायचा. पुढे तो गुरू अमरदासांच्या सेवेत रमला. गोइंदवालची बावली, म्हणजे पायऱ्यांची विहीर, खोदली जात होती तेव्हा जेठा डोक्यावर मातीची पाटी वाहत होता. लाहोरहून आलेल्या भाऊबंदांनी ते पाहिलं आणि सासऱ्याच्या दारात हमाली करतोस म्हणून टोमणे मारले, कारण तोवर तो गुरूंचा जावई झाला होता. या जेठानेच पुढे अमृतसर वसवलं. चौथे गुरू रामदास ते हेच. माती वाहणारा गुरू झाला, ही गोष्ट सांगितल्यावर जोडेघरात बसायला लाजायचं कारण उरत नाही.

विसाव्या शतकातलं उदाहरण भगत पूरनसिंग यांचं. जन्म १९०४, लुधियाना जिल्ह्यातल्या राजेवालचा. आई मेहताब कौर लोकांच्या घरी राबून मुलाला शिकवत होती. रस्त्यात पडलेला खिळा, दगड दिसला तर उचलून बाजूला टाकायचा, ही सवय तिने त्याला लावली. शिक्षण काही पूर्ण झालं नाही. लाहोरच्या डेहरा साहिब गुरुद्वारात तो झाडलोट, भांडी, आजाऱ्यांची शुश्रूषा करत राहिला. १९३४ मध्ये तिथे कुणीतरी चारेक वर्षांचा अपंग मुलगा सोडून गेलं. पूरनसिंगांनी त्याचं नाव प्यारा ठेवलं आणि पुढची सुमारे चौदा वर्षं त्याला पाठीवर घेऊन वावरले. फाळणीत अमृतसरला आले तेही त्याला पाठीवर घेऊनच. तिथेच ‘पिंगलवाडा’ उभा राहिला. बेवारस, अपंग, मनोरुग्ण यांचं घर. १९७९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९८४ च्या सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईनंतर त्यांनी ती परत केली.

दरम्यान या कामांना लेखी नियमांतही जागा मिळाली होती. गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी समितीने १९४५ मध्ये मंजूर केलेली ‘रहत मर्यादा’, म्हणजे शिखांची आचारसंहिता, स्पष्ट सांगते की सेवेचा नमुना शिकवायला गुरुद्वारे आहेत, आणि तिची साधी रूपं म्हणजे झाडू, सारवण, पाणी देणं, पंखा ढाळणं, लंगर आणि जोडे झाडणं. गंमत अशी की हीच कामं शिक्षा म्हणूनही दिली जातात. अकाल तख्त, म्हणजे शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ, चुकलेल्याला ‘तनखाह’, म्हणजे धार्मिक शिक्षा, लावतं. १९८८ मध्ये पंजाबचे माजी मुख्यमंत्री सुरजितसिंग बर्नालांना जोडे पुसावे लागले, डिसेंबर २०२४ मध्ये अकाली दलाचे नेते सुखबीरसिंग बादल यांना भांडी आणि शौचालयं साफ करण्याचा आदेश झाला. एकाच फडक्याने एकाची भक्ती होते आणि दुसऱ्याचा गर्व उतरवला जातो.

एवढं असूनही जात गेली, असं कुणी म्हणू नये. पंजाबातल्या अनेक गावांत जाट आणि दलित शिखांचे गुरुद्वारे आजही वेगळे आहेत, स्मशानंही वेगळी. पंगतीत खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं जेवण झालं की आपापल्या वस्तीत जातात. लंगराचं कौतुक करणाऱ्या लेखनात हे सहसा येत नाही.

महाराष्ट्रात ही परंपरा नांदेडपुरती राहिलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यात, नागपूर-हैदराबाद हायवेवर करंजीजवळ, एक लंगर आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चालत, ट्रकवर बसून गावाकडे निघालेल्या मजुरांना त्या पट्ट्यात हॉटेलं बंद असताना तिथे जेवण मिळत होतं. खैरा बाबाजी नावाने ओळखले जाणारे ऐंशी ओलांडलेले गृहस्थ आणि त्यांचे सेवेकरी ते चालवत होते. चहा, बिस्किटं, डाळ-भात, आणि अंघोळीला पाणी. गुरू गोविंदसिंग नांदेडला जाताना थांबले होते असं मानतात तो गुरुद्वारा आत जंगलात आहे. वाटसरू एवढा आत वळणार नाही, म्हणून लंगर हायवेच्या कडेला आला.