‘विचित्र टीसीपी पॅकेट म्हणजे हल्लाच’: एक जुना गैरसमज

आयपीएसमध्ये (नेटवर्कवरचे हल्ले ओळखून अडवणाऱ्या यंत्रणेत) ‘असामान्य टीसीपी’चे सगळे नियम सरळ ड्रॉपवर टाका, म्हणजे टीसीपीचं (इंटरनेटवर डेटा पोचवायच्या ठरलेल्या पद्धतीचं) असं विचित्र पॅकेट दिसताच अडवा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

लिनक्सच्या २.४ कर्नलमध्ये (गाभ्यात) ईसीएनची सोय आली तेव्हाचंच बघा. नेटवर्कवरची कोंडी कळवायला ईसीएन टीसीपी हेडरमधले दोन बिट वापरतं, जे तोवर राखीव होते. अनेक फायरवॉलना ते संशयास्पद वाटले. काहींनी सिन पॅकेट (जोडणी सुरू करणारं पहिलं पॅकेट) गुपचूप टाकून दिलं, काहींनी रीसेट, म्हणजे जोडणी तोडायचा संदेश, पाठवला. वापरणाऱ्याला कळायचं एवढंच, की साइट उघडत नाही. (आणि शिव्या खायचं लिनक्स!) शेवटी २००२ मध्ये नेटवर्क संशोधक सॅली फ्लॉइड यांनी आरएफसी ३३६० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) लिहून असले रीसेट घातक असल्याचं बजावलं.

आजही सिनमध्येच डेटा दिसला, तर तो २०१४ च्या आरएफसी ७४१३ मधला टीसीपी फास्ट ओपन (पहिल्याच पॅकेटात डेटा पाठवून वेळ वाचवायची सोय) असू शकतो. हँडशेकशिवाय (जोडणी जुळवायच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीशिवाय) मधूनच उगवलेल्या पॅकेटमागे अनेकदा जाण्यायेण्याचे वेगळे मार्ग असतात, त्यामुळे आयपीएसला एकच बाजू दिसते.

सिन आणि फिन (जोडणी संपवायची खूण) एकत्र, किंवा एकही फ्लॅग (अशी खूण) नाही, अशी पॅकेटं खुशाल अडवा. बाकीचे नियम आधी नुसत्या अलर्टवर ठेवा, लॉग वाचा आणि मगच एकेक करून ड्रॉपवर न्या.